धुरेवरचा धाकटा

उसाची गाडी भरणं हे आबांच्या मते जगातलं सगळ्यात अवघड काम होतं. आबा म्हणजे माझे वडील. शेतीतलं बाकी सगळं माणूस चुकत-माकत शिकतो, पण गाडी चुकीची भरली तर त्याची शिक्षा बैलांना होते, असं ते म्हणायचे.

कृष्णाकाठचं आमचं गाव. रानातून साखर कारखान्याकडं जाताना वाटेत एक खिंड चढावी लागे. सपाट रस्त्यावर कशीही भरलेली गाडी चालून जाते, खिंडीत चालत नाही. मागच्या बाजूला ऊस जास्त झाला की चढावर सगळा भार चाकांच्या मागं जातो. गाडीचा पुढचा भाग, म्हणजे धुरा, वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर जू वर जाऊन बैलांच्या माना ओढल्या जातात. गळ्यातले पट्टे आवळतात, बैलांचे डोळे पांढरे होतात. गाडी उलाळली म्हणतात ती ही. त्यावर उपाय दोनच. खिंड चढायची असेल तर मोळ्या पुढं सरकवून रचायच्या. आणि तरीही गाडी उलाळलीच, तर कुणीतरी उडी मारून धुरेवर बसायचं आणि आपल्या वजनानं ती खाली दाबायची.

आमच्या घरात हे ‘कुणीतरी’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी थोरला, म्हणून माझ्या हातात कासरा. आबा मागून चाकाला दगड लावत ओरडायचे, “बस रं, बस धुरंवर!” आणि तो माकडासारखा टुणकन चढायचा. बैलांच्या शेपट्या तोंडावर सपासप बसायच्या, अंगावर शेण उडायचं. खिंड संपली की खाली उतरून माझ्याकडं बघून हसायचा.

मी सैन्यात भरती झालो त्या वर्षी त्यानं सातवीतून शाळा सोडली. त्याला कुणी सोड म्हणालं नाही. बैलं होती, ऊस होता, आबांची कंबर धरली होती, आणि मी निघालो होतो. मिरजेच्या स्टेशनवर मला सोडायला तोच आला, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. गाडी फलाटाला लागल्यावर म्हणाला, “दादा, आता खिंडीत गाडी उलाळली तर धुरंवर मी बसणार. मग कासरा कुणी धरायचा?”

“आबा धरतील की.”

“आन चाकाला दगुड? आईनं?”

तो हसत होता. मला हसू आलं नाही. पुढं कित्येक वर्षं रेल्वेची शिट्टी ऐकली की मला तो प्रश्न ऐकू येई.

सैन्यात माझ्या हाती बंदूक फारशी आलीच नाही. रसद पोचवणाऱ्या तुकडीत माझी निवड झाली. ईशान्येकडच्या डोंगरात अशा कितीतरी चौक्या होत्या जिथं रस्ता नव्हता. तिथल्या जवानाचं पीठ, मीठ, डाळ, राकेल, औषध, सगळं आभाळातून जायचं. विमान हवाई दलाचं, चालवणारे अधिकारी हवाई दलाचे. पोती बांधणारे, ती विमानात रचणारे आणि हवेत गेल्यावर उघड्या दाराशी आडवं पडून पायानं ढकलणारे आम्ही.

एकाहत्तरच्या लढाईला फार दिवस झाले नव्हते. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. शेजारच्या घरातला छातीवर बिल्ला लावून आलेला. अशात मी पहिल्या सुट्टीवर गेलो आणि पारावर आबांनीच माझी ओळख करून दिली.

“विट्याकडची पोरं परमुलखात जाऊन सोनं गाळत्यात. शेजाऱ्यानं लढाईत गोळी खाल्ली. आन आमचा थोरला इमानातनं पोती टाकतोय.”

“म्हंजे हमालच की!” कुणीतरी म्हणालं.

“आसंना का, आभाळातला हमाल हाय,” दुसऱ्यानं मला सावरून घेतलं, आणि सगळा पार हसला. आबाही हसले. मी पण हसलो. धाकटा मात्र हसला नाही, हे मी पाहिलं आणि मला जास्तच वाईट वाटलं. जिच्यासाठी त्यानं शाळा सोडली ती नोकरी ही अशी.

आमचं विमान म्हणजे डाकोटा. जुनं, जाड अंगाचं, दोन पंख्यांचं. ते जमिनीवर उभं असलं की नाक वर आणि शेपूट खाली, कुत्रं बसावं तसं. दार मागच्या बाजूला. आत पाऊल टाकलं की फरशी चढणीची लागते, पायलटच्या खोलीपर्यंत चढतच जावं लागतं. मी पहिल्यांदा आत गेलो आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही तर खिंडच. मला माल रचायला सांगितल्यावर मी जे लहानपणापासून करत आलो तेच केलं. चढाची गाडी म्हणून एकूण एक पोतं पुढं नेऊन दाबून रचलं. मागं फरशी रिकामी. घाम पुसत खाली उतरलो, आणि मनात म्हटलं, आबांनी बघायला पाहिजे होतं.

आमच्या टोळीचा प्रमुख एक साताऱ्याकडचा हवालदार होता. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. तो आत डोकावला आणि बाहेर येऊन माझ्याकडं बघत राहिला.

“काय रं, कुठल्या गावचा तू?”

मी गाव सांगितलं.

“ऊस भरायचास?”

“व्हय.”

“तरीच. आरं भल्या मानसा, ही खिंड हितंच ऱ्हाती. हे उडलं की सपाट हुतंय! तवा हे सगळं नाकावर येनार, आन साहेब तुझ्या नावानं शंख करनार. उतरीव सगळं.”

सगळं उतरवलं. पंखांच्या रेषेत, मधोमध, पुन्हा रचलं. त्यानंतर बरेच दिवस मी दिसलो की उस्ताद विचारायचा, “आज खिंड हाय का सपाट?”

तिथं मला दुसरं एक नावही पडलं. चौक्या अशा कड्यांवर असायच्या की माल टाकायची जागा म्हणजे मळणीच्या खळ्याएवढी सपाटी. त्यावर जवान पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांनी खूण करून ठेवायचे. पायलटची घंटा वाजली की ढकलायचं, थांबली की थांबायचं. एक क्षण उशीर झाला की पोतं खळ्यावरून पुढं जाऊन दरीत. तसं झालं की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. खाली कुणाच्या तरी ताटातली भाकरी आपण फेकली असं वाटायचं. मी ताटावरून उठायचो. दोन-चारदा हे झाल्यावर टोळीनं माझं नाव ठेवलं ‘एकादशी’.

“आज एकादशीनं धरलीया का सोडलीया?” हा संध्याकाळचा ठरलेला प्रश्न.

अशाच एका पावसाळ्याअखेर एका चौकीची पायवाट दरड कोसळून तुटली. तिथं आपल्याच भागातली पोरं असलेली पलटण होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पाठीवरून माल नेणारे हमाल वर पोचू शकत नव्हते. वरचं मीठ संपलेलं, पीठ तळाला, काही जण तापानं पडलेले आणि औषध नाही. माल पोचला नाही तर चौकी सोडून आजाऱ्यांना पाठीवर घेऊन खाली उतरायचा हुकूम होणार होता, आणि उतरायला वाटही नव्हती.

आम्ही पहिल्या दिवशी गेलो आणि फजिती झाली. दरी अरुंद, ढग लवकर भरून येणारे. आमची पद्धत अशी की माल मधोमध ठेवायचा, दाराशी एका फेरीपुरती थोडी पोती आणायची, ती टाकायची, मग विमान दरीत वळसा घेईपर्यंत पुढची पोती ओढत दाराशी आणायची. एकदम जास्त पोती दाराशी ठेवता यायची नाहीत, कारण दार शेपटीजवळ. माल टाकताना विमानाचा वेग कमी केलेला असतो. अशा वेळी शेपूट जड झाली तर पायलटला विमान सावरत नाही. त्यामुळं फेऱ्या जास्त, आणि ढग थांबायला तयार नव्हते. घाईघाईनं ओढून आणलेली पोती उशिरा सुटली आणि दरीत गेली. निम्म्याहून जास्त माल परत घेऊन वळावं लागलं.

वळताना मी दारातून खाली पाहिलं. एक जवान खळ्याच्या कडेपर्यंत पळत आला होता आणि दरीत गेलेल्या पोत्यांकडं बघत उभा होता. एवढ्या उंचीवरून तो बोटाएवढा दिसत होता. तरी त्याचे खाली सोडलेले हात मला दिसले.

त्या संध्याकाळी मी ताटावर बसलोच नाही. उस्ताद माझ्याजवळ आला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

“तू उपाशी ऱ्हायलास म्हनून त्या पोराचं प्वाट भरलं का?”

“न्हाई.”

“मग कशापायी ही सोंगं? उपास करून देव पावतो, चौकी न्हाई पावत. काय सुचतंय का ते बघ.”

त्याचं बोलणं लागलं. मी विमानापाशी जाऊन बसलो. ते आपलं नाक वर करून, शेपटीवर बसल्यासारखं उभं होतं. त्याच्याकडं बघता बघता मला खिंड आठवली, आणि खिंडीबरोबर धाकटा. मागं भार झाला तर आबा ऊस कधी उतरवायचे नाहीत. ते पुढं धाकट्याला बसवायचे.

मी उठून उस्तादाला गाठलं. म्हटलं, राकेलचे डबे आणि औषधांच्या पेट्या छत्री, म्हणजे पॅराशूट, बांधून टाकायच्या, त्या शेवटीच जातात. तो सगळा जड माल अगदी पुढं, पायलटच्या पाठीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला तर? त्या भाराच्या जोरावर मागं दाराशी पोत्यांचा मोठा ढीग ठेवता येईल. पुढचा ढीग म्हणजे माझा धाकटा भाऊ, तो खिंडीतल्यासारखी धुरा दाबून बसेल, मागून आपण पोती एका दमात ढकलू.

उस्तादानं कपाळाला हात लावला. “आली परत खिंड! आरं, आन मागची पोती गेल्यावर? नाक जड हुनार न्हाई व्हय?”

“मागचं रिकामं हुतंय तसं धाकट्याला उठवायचं. धुरंवरनं उतरवून मागं आनायचं.”

त्यानं विमानाकडं एकदा वळून पाहिलं. मग माझं मनगट धरून मला पायलटसाहेबांच्या तंबूत घेऊन गेला. साहेब पंजाबकडचे. बैलगाडीची हकिकत मी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितली, हातानं धुरा वर-खाली करून दाखवली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि भाराचा तक्ता पुढं ओढला. बराच वेळ आकडेमोड करून म्हणाले, मी सांगतोय तेवढा भार पुढं चालणार नाही, त्यातला काही मधोमध घ्यावा लागेल, आणि मागचा ढीगही जरा लहान करायचा. पण तेवढ्यानंही फेऱ्या निम्म्यावर येतील. माझी बढाई त्यांनी बरोबर मापात आणली, आणि मला त्यांचा आधार वाटला. माझ्या अंदाजावर विमान नेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही फार करत नाही.

उठताना ते म्हणाले, “एक बात पक्की. छोटे भाई को मेरे बोले बिना उठाना नहीं.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. विमानात माझ्यासमोर मालाचे दोन ढीग होते. एक दाराशी, एक पार पुढं, मध्ये थोडा माल आणि वावरायला जागा. दरीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा चौकीवर ऊन होतं, पण पलीकडच्या खोऱ्यातून ढग उकळत्या दुधासारखा वर चढत होता. उस्ताद माझ्या कानाशी ओरडला, “दोन फेऱ्या मिळत्याल. लय तर तीन!”

आम्ही कमरेचे पट्टे अडकवले. पाठ फरशीला, पाय पोत्यांना. विमानाचा वेग उतरला. मी वाट बघत होतो शेपूट बसायची, अंगाखालची फरशी मागं कलण्याची. फरशी सपाट राहिली. पुढं धाकटा बसला होता.

घंटा वाजली. “रेट!” उस्ताद किंचाळला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पाय ताठ केले. ढिगाचा ढीग दारातून गेला. ओढायला थांबावं लागलं नाही, कुणी अडखळलं नाही. घंटा थांबली तेव्हा दाराशी एक पोतं उरलं नव्हतं. मी मान बाहेर काढली. खाली पांढऱ्या पट्ट्यांच्या भोवती पिठाचे धुरळे उडत होते. एक, मग त्याला लागून दुसरा, तिसरा. सगळे खळ्यात. दरीच्या बाजूला काही नव्हतं.

तोच पुढून साहेबांचा आवाज आला, इंजिनाच्या घरघरीवरही ऐकू येईल असा. “छोटे को उठाओ! आधा! आधा ही!”

उस्ताद आणि मी पुढं धावलो. अर्धा धाकटा उचलून मागं आणला. मधला मालही दाराशी घेतला. वळसा पुरा व्हायच्या आत दार पुन्हा भरलेलं होतं. दुसरी घंटा. पुन्हा पाय, पुन्हा धुरळा, आणि राकेलचे डबे पहिल्यांदा हवेत लोंबकळले. छत्र्या फट्-फट् उघडल्या. ढग आता खळ्याच्या खालच्या कडेला लागला होता.

“अब पूरा छोटा!”

उरलेल्या पेट्या मी छातीशी धरून आणल्या. त्यात औषध होतं. तिसऱ्या घंटेला त्या गेल्या. ढगाच्या अगदी वर, उन्हात, छत्र्या फुलल्या आणि डुलत डुलत पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन बसल्या. त्यानंतर ढगानं खळं झाकलं. विमान आता इतकं हलकं झालं होतं की साहेबांनी नाक उचलताच ते घोड्यासारखं वर निघालं. आम्ही रिकाम्या फरशीवर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होतो.

साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि आपल्या कानावरचं यंत्र माझ्या कानाला लावलं. “ये नीचेवाला क्या चिल्ला रहा है? समझा दो.”

खरखरीतून आवाज आला, आपल्याच बोलीतला.

“आवं पीठ गावलं! मीठ गावलं! राकेल गावलं, औषध बी गावलं! कोन हाय रं वर? लय झ्याक टाकलंस गड्या!”

साहेबांनी बोलायचं बटण दाबून धरलं. मी म्हटलं, “कुठला रं तू?”

“कराडकडचा! आन तू?”

“कृष्णेच्याच खालच्या अंगाचा!”

“मग ये की जेवायला! भाकरी टाकतूय!”

साहेबांनी हसत यंत्र काढून घेतलं. मी त्यांना सांगितलं की त्यानं जेवायला बोलावलंय. ते म्हणाले, आज उतरता येत असतं तर गेलोच असतो.

त्या दुपारी उस्तादानं स्वतः माझं ताट वाढलं. मी मागेन त्याहून जास्त भात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “बघा रं, एकादशी सुटली! आज बारस हाय!” मी पोटभर जेवलो. मीठ जास्त झालेली ती डाळ मला आजही आठवते.

हिवाळ्यात सुट्टी मिळाली. घरी गेलो तेव्हा ऊसतोड जोरात होती. दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीबरोबर मीही निघालो. आबा मागं दगड घेऊन, धाकट्याच्या हातात कासरा. आता तो अंगानं चांगला भरला होता, मिशी फुटली होती. खिंडीच्या मधल्या वळणावर मागच्या मोळ्या जरा घसरल्या आणि धुरा वर आली. बैलांनी माना ताणल्या. धाकट्यानं सवयीनं कासरा आबांकडं फेकायला हात उचलला, धुरेवर उडी मारायला वाकला, आणि मी त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं.

“तू हाक. मी बसतो.”

“आरं दादा, कापडं खराब हुत्याल!”

मी धुरेवर बसलो. जू खाली आलं, बैलांनी श्वास सोडला आणि गाडी चढाला लागली. शेपटीचे फटके तोंडावर बसत होते. इस्तरीच्या पँटीवर शेण उडालं. मागं गाड्यांची रांग होती, त्यातून शिट्ट्या वाजल्या. “आरं, आभाळातला हमाल खाली आला गड्या!” कुणीतरी ओरडलं. खिंड संपेपर्यंत मी उतरलो नाही.

कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढं गाड्यांची लांबच लांब रांग. बैलांपुढं वाढं, उसाच्या शेंड्याचा पाला, टाकलं, सावलीत टेकलो, आणि मी त्या दोघांना सगळं सांगितलं. मागचा ढीग, पुढचा ढीग, साहेबांचं ‘छोटे को उठाओ’, कराडचा तो जवान. पुढच्या ढिगाला आम्ही धाकटा म्हणत होतो हेही सांगितलं. मी धाकट्याला म्हटलं, तू हितं बसलास म्हणून मी तिथं उडतोय, हे मला रोज कळतं.  त्यानं एक वाढ्याचं पान दातानं सोलत विचारलं,

“म्हंजे शेवटी मलाच ढकललास व्हय खाली?”

“ढकलला. पर छत्री बांधून.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला, आणि असा हसला की बैल दचकले. “मी म्हनलं, थोरल्यानं तशीच पाठवनी केली का काय!”

सैन्यात जाताना मी त्याची तशीच पाठवणी केली होती, छत्री न बांधता. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं ते हसणं म्हणजे त्याचं उत्तर होतं, आणि ते पुरेसं आहे की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

 आबांनी टोपी झटकली, ते उठले आणि पुढच्या गाडीवाल्याकडं गेले. त्यांचा आवाज मुळातच मोठा.

“आवं पावनं, ऐकलं का? आमच्या पोरानं चौकी जगवली. इमान उलाळत हुतं, तर ह्यो आमचा धाकटा हाय न्हवं, ह्यानं धुरा दाबली!”

“धाकटा? त्यो तर हितं गावात हाय की!”

“हितं बसूनच दाबली म्हनतोय न्हवं का!”

पाहुण्याला काही उमगलं नाही, पण त्यानं मान हलवली. आबा तिथून त्याच्या पुढच्या गाडीकडं गेले, मग त्याच्याही पुढच्या. रांगेतून माणसं उभी राहून आमच्या गाडीकडं बघू लागली. धाकटा लाजून बैलांच्या आड गेला, आणि तिथून मला म्हणाला, “दादा, आबाला आवर की रं.”

मी आवरलं नाही. वजनकाट्यापर्यंत आबांनी एकही गाडी सोडली नाही.